माहिती मागता, मग ती राखा

२९ सप्टेंबर २०१० ला शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यात आले होते. म्हणजे आपली ओळख संगणकाच्या हवाली करण्याची सुरुवात या देशात खान्देशातून झाली. पुढे सातबारा ऑनलाइन झाला, पिकाची नोंद ई-पीक पाहणीत गेली. केळीचा विमा, किसान सन्मानचा हप्ता, पोरांची शिष्यवृत्ती, लाडकी बहीण, शेतकरी ओळख क्रमांक, एकेक करून सगळं संकेतस्थळांवर गेलं. प्रत्येक ठिकाणी भरायचं तेच: नाव, आधार, मोबाइल, बँकेचं खातं, जात, जमिनीचा गट नंबर. माहिती मागायला सगळे शिकले. मागताना आपल्यावरही काही बंधन येतं, हे फार थोड्यांनी मनावर घेतलं.

माझं म्हणणं सरळ आहे. जो लोकांकडून माहिती मागतो, त्याने ती येण्याची वाट बंदिस्त ठेवलीच पाहिजे आणि आल्यावर ती राखलीही पाहिजे. हे तपासण्याचं ओझं धडगावच्या मजुरावर किंवा रावेरच्या केळी उत्पादकावर टाकणं अन्याय आहे. आज नेमकं तेच चाललंय. लिंक तपासा, कुलूप बघा, सावध राहा, असे फलक बँकेत आणि तहसीलीत लागतात. ज्यांनी अर्ज मागवले, त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही.

वाट बंदिस्त असणं म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. धडगावात मोबाइलवर भरलेला अर्ज दूरच्या सर्व्हरपर्यंत पोहोचताना बऱ्याच यंत्रांतून जातो. दुकानातला वाय-फाय राउटर, इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्याची किंवा मोबाइल कंपनीची यंत्रणा, मधली जोडकेंद्रं. संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या एचटीटीपीने सुरू होत असेल, तर यातल्या प्रत्येक ठिकाणी तो अर्ज जसाच्या तसा वाचता येतो. बदलताही येतो: खाते क्रमांकातला एक आकडा किंवा पानावरची एखादी लिंक. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल, तर ब्राउझर आधी त्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र मागतो. ते विश्वासातल्या संस्थेने दिलंय का, त्यावरचं नाव पत्त्याशी जुळतं का, मुदत शिल्लक आहे का, हे तो बघतो. मग दोन्ही बाजू मिळून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. आजच्या पद्धतीत ही किल्ली तारेवरून कधी जातच नाही. दोघंही आपापल्या जागी गणिताने ती काढतात. त्यानंतर मधल्या कोणाला कितीही ऐकता आलं तरी त्याच्या हाती अर्थहीन अक्षरं लागतात आणि कोणी ढवळाढवळ केली तर ती लगेच लक्षात येते. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात हे मधल्याला बहुधा कळतं. तिथे काय भरलं, ते कळत नाही.

हे तंत्र नवं नाही. ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीने १९९०च्या दशकाच्या मध्यात एसएसएल ही वाट बंदिस्त करण्याची पद्धत आणली. त्याच्या जागी १९९९ मध्ये टीएलएस आलं आणि टीएलएसची १.३ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र अनेक वर्षं ते फक्त बँकेच्या आणि पासवर्डच्या पानापुरतंच वापरलं गेलं. टेंभलीत आधार आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१० मध्ये, एरिक बटलर या अमेरिकी प्रोग्रामरने ‘फायरशीप’ नावाचं एक छोटं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्या माणसाचं फेसबुक खातं एका क्लिकमध्ये आपल्या पडद्यावर उघडता येतं, हे त्याने दाखवून दिलं. पासवर्ड बंदिस्त जात होता. पण एकदा आत शिरल्यावर ‘हा तोच माणूस’ असं सांगणारी कुकी उघडी फिरत होती. बटलरला चोऱ्या करायच्या नव्हत्या, कंपन्यांना लाज वाटावी एवढंच हवं होतं. ती वाटली. पुढच्या दोन-तीन वर्षांत मोठ्या कंपन्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळंच बंदिस्त केलं. भुसावळसारख्या जंक्शनवर गाडीची वाट पाहताना आज आपण मोफत वाय-फायवर बिनघोर बँकेचं ॲप उघडतो, त्यामागे हे सगळं आहे.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने जून २०१५ मध्ये आपल्या प्रत्येक सार्वजनिक संकेतस्थळाला एचटीटीपीएस सक्तीचं केलं आणि २०१६ अखेरची मुदत दिली. त्यात महत्त्वाची पानं आणि साधी पानं असा भेद ठेवला नाही. मला हे पटतं. कोणती माहिती नाजूक आणि कोणती नाही, हे ठरवणारा कारकून त्या माणसाच्या जागी कधीच नसतो. एखाद्या बाईने कोणत्या आजाराचं पान वाचलं, एखाद्या मुलाने कोणत्या जातीच्या सवलतीची माहिती पाहिली, हीसुद्धा खासगी गोष्ट आहे.

आपल्याकडे राज्य आणि केंद्र सरकारची मोठी संकेतस्थळं आता एचटीटीपीएसवर आहेत. प्रश्न त्याखालच्या थराचा आहे: शिक्षणसंस्था, पतसंस्था, दवाखाने, क्लासेस, बाजारातल्या पेढ्या. आमच्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेचं प्रवेशअर्जाचं पान मी पाहिलं. आईचं नाव, जातीच्या दाखल्याचा क्रमांक, वार्षिक उत्पन्न, खाते क्रमांक, सगळं त्या एका पानावर मागितलेलं आणि ब्राउझर पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असं दाखवत होता. गूगलच्या क्रोमने जुलै २०१८ पासून प्रत्येक उघड्या संकेतस्थळावर हा शिक्का मारायला सुरुवात केली, त्यामुळे कळलंच नाही असं म्हणायला जागा नाही. विचारल्यावर उत्तर आलं, “ते वेबसाइटवाल्याकडे आहे, सांगतो त्याला.” सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे अर्ज तोवर उघड्यावरून जातच होते.

खर्चाचं कारण आता कोणी सांगू नये. पूर्वी प्रमाणपत्र विकत घ्यावं लागे आणि लहान संस्थेला ते खरंच जड जाई. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती प्रमाणपत्र फुकट देते आणि सर्व्हरवर बसवलेला एक प्रोग्राम त्याचं नूतनीकरण आपोआप करतो. अमळनेर किंवा शिरपूरच्या संस्थेने आपल्या वेबसाइटवाल्याला एवढंच सांगायचं, की हे बसव आणि आपोआप नवं होईल असं लावून दे. त्यासाठी दरवर्षी वेगळं बिल आलं, तर कशाचं ते विचारायचा संस्थाचालकांना पूर्ण हक्क आहे.

आपोआप या शब्दावर माझा जोर आहे, कारण मुदत संपलेलं प्रमाणपत्र वेगळंच नुकसान करतं. मुदत संपली की ब्राउझर पान उघडण्याआधी लाल खुणेचा मोठा इशारा देतो. सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली, अर्जाची शेवटची तारीख आलेली, अशा वेळी केंद्रचालक काय करणार? ‘प्रगत’वर दाबायचं, ‘तरीही पुढे जा’वर दाबायचं, आणि अर्ज भरायचा. दोष त्याचा नाही. त्याला काम उरकायचंय आणि संकेतस्थळ अस्सल आहे हे त्याला माहीत असतं. पण महिन्यातून दोन-तीनदा हे केलं की बोटांना सवय लागते. मग ज्या दिवशी खरोखर मध्ये कोणी बसलेला असतो, त्या दिवशीही बोट त्याच बटणावर जातं. एका कार्यालयाच्या आळसाने अख्ख्या तालुक्याची सावधगिरी बोथट होते. आणि हा प्रश्न वाढणार आहे. प्रमाणपत्रांचे नियम ठरवणाऱ्या जागतिक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये त्यांची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी करून मार्च २०२९ पर्यंत ४७ दिवसांवर आणायचं ठरवलं आहे. आठवण ठेवून हाताने नूतनीकरण करणारी कार्यालयं तेव्हा वर्षातून सात-आठ वेळा चुकायला मोकळी असतील.

आता कुलपाविषयी. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की संकेतस्थळ खरं, असं आपल्याकडे अजून शिकवलं जातं. हे शिकवणं थांबवायला हवं. वाट बंदिस्त आहे, एवढंच ते चिन्ह सांगतं. पलीकडे कोण बसलाय, ते सांगत नाही. फुकट प्रमाणपत्र संस्थेला मिळतं तसं भामट्यालाही मिळतं आणि बहुतेक बनावट संकेतस्थळं आज एचटीटीपीएसवरच चालतात. लोकांचा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते कुलूप काढून साधं चिन्ह ठेवलं. लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा त्याच धर्तीची बनावट संकेतस्थळं निघाली आणि सरकारला लोकांना सावध करावं लागलं. साक्री-नवापूरच्या बाईने त्यातलं खरं-खोटं कसं ओळखायचं? तिला एकच गोष्ट शिकवता येते, पत्त्यातल्या नावाचा शेवट, म्हणजे पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधीची अक्षरं. सरकारी असेल तर gov.in किंवा nic.in हीच अक्षरं शेवटी हवीत, अशी खूण रेशन दुकानापासून अंगणवाडीपर्यंत मोठ्या अक्षरांत रंगवावी. रिझर्व्ह बँकेने या बाबतीत योग्य पाऊल उचललं: सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत bank.in असा शेवट असलेल्या पत्त्यावर यावं, असा आदेश काढला. हा शेवट बँकेखेरीज कोणाला मिळत नाही. पतसंस्था मात्र बँका नाहीत, त्यामुळे त्या यात येत नाहीत. पतसंस्थांवर ठेवलेला विश्वास किती महाग पडू शकतो, हे जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदारांना कोणी वेगळं सांगायला नको. सहकार खात्याने त्यांच्यासाठी वेगळा नियम करावा.

वाटेचं झालं. मला अधिक काळजी आहे ती पोहोचल्यानंतरची. जळगावच्या सराफ बाजारात सोनं बंद गाडीतून आणावं आणि रात्री दुकानाच्या ओट्यावर ठेवून घरी जावं, तसं आपल्याकडे माहितीचं होतं. कोणत्याही तालुक्याच्या गावी सेवा केंद्रात जाऊन बसा आणि थोडा वेळ नुसतं पाहा. माणूस येतो, आधारचा फोटो केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, कारण प्रिंट तिथून निघते. व्हॉट्सॲपचं संभाषण एप्रिल २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत बंदिस्त आहे, वाटेत ते कोणी वाचत नाही. पण तो फोटो केंद्रचालकाच्या मोबाइलमध्ये राहतो. तिथून संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये जातो. त्या फोल्डरमध्ये शेकडो लोकांचे आधार, पॅन, पासबुकाची पहिली पानं, रेशनकार्डं, सह्यांचे नमुने एका ओळीत पडलेले असतात आणि त्याच संगणकावर दुपारी कोणाचं पोरगं गेम खेळत असतं. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर रेंज धड नसते. तिथला माणूस कागद ठेवून जातो, “रेंज आली का भरून टाका” म्हणतो आणि ऊसतोडीला गुजरातेत निघून जातो. त्याच्या ओळखीचा पूर्ण संच महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या टेबलात असतो. ओटीपी यावा म्हणून काही ठिकाणी मोबाइल क्रमांकही केंद्रचालकाचाच दिलेला असतो. अशा जागी जगातलं सर्वांत भक्कम एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती अर्थहीन अक्षरांत बदलून बंदिस्त करण्याचं तंत्रही काही करू शकत नाही.

केंद्रचालकांवर मी आळ घेत नाही. गावात सरकारचा जो भाग लोकांना खरोखर भेटतो, तो बऱ्याचदा हाच माणूस असतो आणि यातले बहुसंख्य प्रामाणिक आहेत. पण प्रामाणिक माणसाचाही संगणक चोरीला जातो, जुना म्हणून विकला जातो, त्यात व्हायरस शिरतो. त्याला शासनाने अर्ज भरायचं प्रशिक्षण दिलं. भरून झाल्यावर कागद पुसून टाकायचं प्रशिक्षण का दिलं नाही?

“आमनाजोडे चोरासारखं काय शे?”, म्हणजे आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय, हा प्रश्न मला पारावर अनेकदा ऐकायला मिळतो. उत्तर त्यांच्याच खात्यात आहे. किसान सन्मानचे दोन हजार कधी येतात, राज्याचा हप्ता कधी येतो, केळीच्या विम्याची रक्कम कोणत्या महिन्यात पडते, हे ज्याला माहीत आहे त्याला फोन कधी करायचा हेही माहीत असतं. अनोळखी माणसाने नुसतं ‘विमा मंजूर झाला’ म्हटलं तर शेतकरी फोन ठेवेल. गट नंबर, पीक, बँकेची शाखा आणि वडिलांचं नाव सांगून तेच म्हटलं तर तो ऐकतो. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने फिरणाऱ्या एपीके फाइली (मोबाइलवर ॲप बसवणाऱ्या फाइली) अशाच विश्वासावर उघडल्या जातात. गेलेल्या पैशाची तक्रार १९३० वर ताबडतोब करता येते, करायलाच हवी. पण एकदा सुटलेला आधार क्रमांक आणि जन्मतारीख परत घेता येत नाही. पासवर्ड बदलतो, अंगठा बदलत नाही.

आणि हे सुटणं दर वेळी चोराकडूनच होतं असं नाही. २०१७ मध्ये बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने चार सरकारी संकेतस्थळांवरून सुमारे १३ कोटी आधार क्रमांक उघडे पडले असावेत, असा अंदाज मांडला. त्याच वर्षी माहिती अधिकारातल्या एका उत्तरात आधार प्राधिकरणाने सांगितलं, की केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० संकेतस्थळांवर लाभार्थ्यांची नावं-पत्ते आधार क्रमांकांसह झळकत होते. कोणी काही फोडलं नव्हतं. कार्यालयांनी स्वतः याद्या टांगल्या होत्या. यावर उपाय म्हणून याद्याच बंद करा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रोजगार हमीचं मस्टर, घरकुलाची यादी लोकांसमोर असलीच पाहिजे. खोटी नावं पकडली जातात ती तिथेच. नाव, गाव, रक्कम दाखवा. आधार आणि खाते क्रमांक दाखवू नका. डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम अधिक आवळलं आहे. त्याच्या आडून उद्या ठेकेदारांची नावं झाकली गेली, तर लोकांच्या खासगीपणाचं रक्षण झालं असं मी म्हणणार नाही.

कायद्याचं बोलायचं तर पाया पक्का आहे. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं लागू व्हायला अठरा महिन्यांचा अवधी ठेवला गेला. माहिती राखण्यासाठी वाजवी उपाय न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि या उपायांत एन्क्रिप्शनचा उल्लेख नियमांत आहे. मात्र केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकतं, हे मला खटकतं. सर्वांत जास्त माहिती गोळा करणाराच सुटला तर कसं चालेल? यंत्रणा सरकारी आहे म्हणून चुकत नाही, असंही नाही. जुलै २०१४ मध्ये गूगलला आपल्या संकेतस्थळांच्या नावाची अनधिकृत प्रमाणपत्रं आढळली आणि ती निघाली होती आपल्याच एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून. बाहेरचं कोणी लक्ष ठेवून होतं म्हणून ते कळलं.

दिल्ली-मुंबईची वाट न पाहता खान्देशात करता येईल असं पुष्कळ आहे. तिन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी सेवा केंद्रांच्या परवान्यात अट घालावी: काम झाल्यावर नागरिकाची कागदपत्रं त्याच्यासमोर पुसायची, केंद्राच्या संगणकावर घरगुती वापर नको, अर्जावर केंद्रचालकाचा मोबाइल क्रमांक नको. अचानक तपासणी करावी, पण पहिल्या वेळी दंड न करता शिकवावं. पतसंस्थांच्या लेखापरीक्षणात संकेतस्थळाच्या आणि साठवलेल्या माहितीच्या सुरक्षेचा रकाना असावा. आणि सगळ्यांनीच अर्जातले निम्मे रकाने काढून टाकावेत. क्लासच्या चौकशीला आधार क्रमांक कशाला लागतो? जी माहिती घेतलीच नाही, ती राखावी लागत नाही.

महाविद्यालयांचं काम तर लगेच होण्यासारखं आहे, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. बारावीच्या निकालानंतर अर्जांचा लोंढा सुरू होतो. त्याआधी विद्यापीठाने प्रत्येक संलग्न महाविद्यालयाचं अर्जाचं पान तपासावं आणि निष्कर्ष नावानिशी जाहीर करावेत. ज्यांची जोडणी उघडी असेल त्यांनी ती दुरुस्त होईपर्यंत ऑनलाइन अर्ज बंद ठेवून खिडकीवर कागदी अर्ज घ्यावेत, आणि तेवढ्यासाठी विद्यार्थ्यांना मुदत वाढवून द्यावी.